साधू, साहू, साव, सावकार : एका शब्दाची वाटचाल

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रे चाळण्याचे काम संपादक मंडळाने माझ्याकडे सोपविले. त्या निमित्ताने पन्नास वर्षांपूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दिलेल्या नोंदणी अर्जाची स्थळप्रत पाहण्यात आली. पहिल्या सात विश्वस्तांची नावे, वये आणि व्यवसाय त्यात क्रमाने लिहिलेले आहेत. पैकी दोघांच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात आधी 'सावकारी' असे लिहून नंतर ती अक्षरे खोडली आहेत आणि त्यावर 'व्यापार' असे लिहिले आहे. त्या दोघांपैकी एक माझे वडील होते. खोडलेले अक्षर त्यांचे आणि वर लिहिलेले अक्षरही त्यांचेच.

वडील आज हयात नाहीत, त्यामुळे त्यांनी हा शब्द का खोडला हे त्यांना विचारणे शक्य नाही. परंतु तो खोडलेला शब्द मनात घर करून राहिला. ज्या शब्दाची लाज वाटावी तो शब्द मुळात कोठून आला, याचा शोध घेता घेता जे हाती लागले ते सुज्ञ श्रावक-श्राविकांपुढे ठेवीत आहे. मी भाषाशास्त्राचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि जन्मभर कापडाच्या गादीवर बसलेला एक व्यापारी आहे. तथापि ज्या गावात मराठी, कानडी, तेलुगू आणि गुजराती या चारही भाषांतील गिऱ्हाईक एकाच दिवशी दुकानाची पायरी चढते, तेथे शब्दांची नाणी पारखण्याची सवय आपोआपच जडते.

मूळ शब्द : साधू

'सावकार' या शब्दाचे मूळ 'साधु' या संस्कृत शब्दात आहे, हे प्रथम वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले. 'साध्' या धातूपासून हा शब्द सिद्ध होतो. सिद्धीस नेणारा, सरळ, उत्तम, योग्य असे त्याचे आरंभीचे अर्थ होत. संस्कृत नाटकांत कोणी चांगले बोलले म्हणजे 'साधु, साधु' असा उद्गार निघतो. व्याकरणकारांनी शुद्ध शब्दाला 'साधुशब्द' म्हटले आहे. म्हणजे आरंभी हा शब्द ना संन्याशाचा होता, ना व्यापाऱ्याचा. जे जे नीट, नेटके आणि सरळ ते ते साधू.

प्राकृत भाषांत शब्दाच्या मध्ये येणाऱ्या 'ध'चा 'ह' होतो. दधीचे दही झाले, बधिराचा बहिरा झाला, गोधूमाचा गहू झाला. त्याच नियमाने 'साधु'चे 'साहु' झाले. हे रूप आपणा जैनांना परके नाही. णमोकार मंत्राच्या पाचव्या पदात आपण रोज ज्या साधुपरमेष्ठींना वंदन करतो, ते 'साहू' याच रूपात करतो. अठ्ठावीस मूलगुणांचे पालन करणारे, तिळमात्र परिग्रह न ठेवणारे दिगंबर मुनी म्हणजे 'साहू'. आणि ज्याच्या तिजोरीत दुसऱ्याच्या जमिनीची खते आहेत तो सावकारही त्याच 'साहू'चा वंशज! एका टोकाला सर्वस्वाचा त्याग आणि दुसऱ्या टोकाला व्याजाचा हिशेब, यांच्यामध्ये एकच शब्द पुलासारखा उभा आहे. हा पूल कोणी आणि कसा बांधला?

साधुवाणी कोण होता?

लहानपणी शेजारच्या ब्राह्मण घरी सत्यनारायणाची पूजा होत असे. प्रसादाच्या ओढीने आम्ही मुले पोथी संपेपर्यंत बसत असू. त्या कथेत 'साधुवाणी' येतो. तो नावा भरून व्यापाराला जातो, भरपूर धन मिळवितो आणि दंडी संन्याशाच्या वेषातील देवाने विचारले असता नावेत वेली-पाने आहेत असे खोटेच सांगतो. मला तेव्हा कोडे पडे की साधू असून हा नावा कशा बाळगतो आणि साधू असून खोटे कसा बोलतो? घरी आजीला विचारले तर ती म्हणे, "ते त्यांचे साधू, आपले निराळे."

आजीचे उत्तर चुकीचे होते, हे पुढे पुष्कळ वर्षांनी कळले. त्या कथेतील 'साधु' हे व्यापाऱ्याचे नाव आहे आणि ते आकस्मिक नाही. मध्ययुगात प्रामाणिक, प्रतिष्ठित व्यापाऱ्याला साधू किंवा साहू म्हणण्याचा प्रघात उत्तर आणि पूर्व हिंदुस्थानात सर्वत्र होता. बंगालमधील मध्ययुगीन मंगलकाव्यांत समुद्रपर्यटन करणाऱ्या धनपती या सौदागराला 'साधु' असेच म्हटले आहे. ज्याचे माप सरळ, ज्याचा शब्द सरळ, तो साधू. संन्याशाच्या सरळपणाला जे नाव तेच वाण्याच्या सरळपणाला. समाजाने व्यापाऱ्याला दिलेली याहून मोठी पदवी मला ठाऊक नाही.

आपल्या प्रतिमांवरील 'साह'

या पदवीचा सर्वांत जवळचा पुरावा आपल्याला दूर जाऊन शोधावा लागत नाही. आपल्या मंदिरात वेदीवर उजव्या बाजूस पांढऱ्या पाषाणाची लहानशी पार्श्वनाथ प्रतिमा आहे. तिच्या पादपीठावर संवत १५४८ आणि 'साह जीवराज पापडीवाल' ही अक्षरे वाचता येतात. इ. स. १४९१च्या सुमारास या जीवराज पापडीवालांनी मुडासा नगरात भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते असंख्य प्रतिमांची प्रतिष्ठा करविली आणि त्या गाड्यांत भरून देशभरच्या मंदिरांना पाठविल्या, अशी परंपरा आहे. महाराष्ट्रातील जुन्या दिगंबर मंदिरांत संवत १५४८ची प्रतिमा नाही असे मंदिर विरळाच. त्या प्रत्येक प्रतिमेवर 'साह' हा शब्द कोरलेला आहे. प्रक्षाळ करताना आपले बोट त्या अक्षरांवरून रोज फिरते, परंतु तो शब्द आपण क्वचितच वाचतो.

याहीपूर्वीची उदाहरणे आहेत. दिल्लीवर तोमर राजा अनंगपालाची सत्ता असताना, इ. स. ११३२मध्ये, विबुध श्रीधर या कवीने अपभ्रंश भाषेत 'पासणाहचरिउ' रचले. त्याचा आश्रयदाता होता नट्टल साहू हा जैन व्यापारी. अकबराच्या काळात साहू टोडर यांनी मथुरेतील जीर्ण स्तूपांचा उद्धार केला आणि पंडित राजमल्लांनी त्यांच्यासाठी 'जंबूस्वामिचरित' लिहिले. मध्ययुगीन प्रतिमालेखांत तर दात्याच्या नावाआधी 'सा.', 'श्रे.', 'व्य.' अशी संक्षिप्त अक्षरे वारंवार येतात. साह, श्रेष्ठी आणि व्यवहारी ही त्यांची पूर्ण रूपे होत. अगदी विसाव्या शतकातही ही पदवी जिवंत होती. १९४४ साली भारतीय ज्ञानपीठाची स्थापना करणारे शांतिप्रसाद जैन हे 'साहू शांतिप्रसाद' या नावानेच ओळखले जात.

गुजरातेत 'साह'चे 'शाह' झाले आणि महाराष्ट्रात आल्यावर आपण ते 'शहा' असे लिहू लागलो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फारसी 'शाह' म्हणजे राजा. त्याचे मूळ प्राचीन इराणी भाषेत असून त्याचा 'साधु'शी काही संबंध नाही. दोन वेगळ्या गावांहून निघालेले दोन वाटसरू एका धर्मशाळेत एकाच नावाने उतरावेत, तसे हे झाले. पहिल्या शाहने राज्य केले, दुसऱ्याने दुकान चालविले.

गुजरातेतील जैनांत यावर एक आख्यायिका सांगितली जाते. सुलतान महमूद बेगडा याच्या काळात एका भाटाने 'पहिला शाह, मग बादशाह' अशी स्तुती केली. सुलतानाला राग आला. दुष्काळ पडला तेव्हा तो महाजनांना म्हणाला, "तुम्ही बादशहाच्या आधीचे शाह असाल तर वर्षभर गुजरातेला अन्न घाला." महाजन गावोगाव वर्गणी मागत निघाले. हडाळा गावी खेमा देदराणी नावाच्या, अंगावर जाडेभरडे कपडे असलेल्या एका साध्या वाण्याने वर्षाचे सर्व दिवस एकट्याच्या नावावर लिहून घेतले. कथा खरी किती हे सांगणे कठीण आहे, परंतु समाजाला 'शाह' या शब्दाकडून कोणती अपेक्षा होती हे तिच्यातून स्वच्छ दिसते. कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहाची कीर्तीही अशीच आहे. संवत १३१३ ते १३१५ या भीषण दुष्काळात त्याने आपली कोठारे उघडली. ते धान्य गरिबांसाठीच साठविले आहे असे लिहिलेले ताम्रपट कोठारांत ठेवलेले होते, असे 'जगडूचरिता'त सांगितले आहे.

शाहजोग हुंडी

बी. कॉम.च्या वर्गात परक्राम्य संलेखांचा विषय शिकविताना आमच्या प्राध्यापकांनी हुंडीचे प्रकार फळ्यावर लिहिले होते. दर्शनी, मुदती, धनीजोग, नामजोग, फरमानजोग, जोखमी आणि शाहजोग. शाहजोग हुंडी म्हणजे जी केवळ 'शाह'लाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच देय असते ती. हुंडी कोणाच्याही हाती पडो, तिचे पैसे शाहच्या हातीच मिळायचे. हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शाहवर राही. १८८१चा परक्राम्य संलेख अधिनियम झाला तेव्हाही देशी भाषांतील हुंड्यांचे असे स्थानिक प्रघात त्यात अबाधित ठेवण्यात आले.

तेव्हा आम्ही ही व्याख्या पाठ करून परीक्षेत लिहिली आणि विसरून गेलो. आज विचार करता तिचे मोल कळते. एका शब्दावर हजारो रुपयांचा व्यवहार शेकडो मैलांवर चालत होता. रेल्वे नव्हती, तार नव्हती, परंतु 'शाह' हा शब्द होता. पत म्हणजे दुसरे काय?

निरनिराळ्या भाषांच्या पेठेत

आता हा शब्द इतर भाषांत कोणत्या वेषात हिंडतो ते पाहू. श्रीलंका, ब्रह्मदेश आणि थायलंड येथील बौद्ध उपासक प्रवचन संपताच हात जोडून 'साधु' म्हणतात. ब्रह्मी उच्चार 'थादु' आणि थाई उच्चार 'साथु' असा होतो. तेथे त्याचा अर्थ 'उत्तम झाले, मला मान्य आहे' असा आहे. संस्कृत नाटकांतील जुना अर्थ अशा रीतीने समुद्रापलीकडे टिकून राहिला.

बंगालीत ग्रांथिक भाषेला 'साधु भाषा' म्हणतात. असमिया भाषेत तर 'साधु' म्हणजे चक्क गोष्ट. लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांचा 'बुढी आईर साधु' हा १९११ साली प्रसिद्ध झालेला लोककथांचा संग्रह आसामच्या घराघरांत वाचला जातो. त्याच्या नावाचा अर्थ आजीबाईच्या गोष्टी असा आहे. आपण मात्र ते नाव वाचून म्हातारीचा बुवा समजू. नेपाळात दुकानदाराला 'साहुजी' आणि दुकानदारणीला 'साहुनी' म्हणतात. ओडिशात आणि हिंदी मुलखात 'साहू' हे आडनाव झाले.

दक्षिणेकडे 'साहूकार' हे रूप पोहोचले. चेन्नईत गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांची जी जुनी पेठ आहे तिचे नाव 'सावकारपेट'. आजही तेथे जैन मंदिरे आणि कापडाच्या पेढ्या शेजारी शेजारी आहेत. तेलुगूत 'शावुकारु' म्हणजे धनिक व्यापारी. त्याच नावाचा तेलुगू चित्रपट १९५०मध्ये आला आणि त्यातील नायिका जानकी यांना पुढे जन्मभर 'सावकार जानकी' हेच नाव चिकटले. मराठीत एखाद्या अभिनेत्रीला कोणी कौतुकाने 'सावकार' म्हणेल, अशी कल्पनाही करवत नाही.

मराठीत 'साहु'चा 'साव' झाला. चोर आणि साव ही आपली जोडी प्रसिद्धच आहे. साव म्हणजे निर्दोष, सचोटीचा. परंतु मराठी माणसाने या शब्दाला लगेच एक शेपूट जोडले : 'साव असल्याचा आव आणणे'. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम केला त्याला एखाद्या सावाचा अनुभव आलेला असणार! नागपूरकडे 'साव'ला आदराचा 'जी' लागून 'सावजी' हे नाव विणकर कोष्टी समाजात रुळले आणि तेथून ते झणझणीत रश्श्याच्या खानावळींच्या पाट्यांवर गेले. णमोकार मंत्रातील शब्द सामिष खानावळीच्या पाटीवर जाऊन बसावा, हा शब्दांच्या नशिबाचा खेळ म्हणायचा. नागपूरला कापड खरेदीस गेलो असता ती पाटी वाचून मी मनाशीच हसलो होतो.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ध्वनी सारखा म्हणून नाते जोडू नये. 'सावकाश' आणि 'सावध' या शब्दांचा 'साव'शी संबंध नाही. ते अनुक्रमे अवकाश आणि अवधान यांच्यापासून आले आहेत.

शब्द काळवंडला तो काळ

मग मराठीतच 'सावकार' या शब्दाला असा काळिमा का लागला? कानडीत आणि तेलुगूत तो आजही बराचसा आदराने उच्चारला जातो, आणि आपल्याकडे मात्र तो शिवीसारखा का झाला? याचे उत्तर भाषेच्या नव्हे, दख्खनच्या इतिहासात सापडते.

पेशवाईतही सावकार होते आणि व्याजही होते. परंतु सावकार गावाला धरून होता. गावाचा सारा भरण्यासाठी तो हमी राही आणि गावाची मर्यादा त्याला पाळावी लागे. १८१८नंतर इंग्रजी अंमल आला. रयतवारी पद्धतीत प्रत्येक शेतकऱ्यावर रोख साऱ्याचा बोजा स्वतंत्रपणे पडला. पीक येवो न येवो, सारा भरलाच पाहिजे आणि त्यासाठी कर्ज काढलेच पाहिजे, अशी अवस्था झाली. दिवाणी न्यायालये आली आणि खतावरील अंगठा हा अखेरचा शब्द ठरला. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आली. कायद्याचा हेतू शेतकऱ्याचे हित हा होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याचा प्रघात पडला आणि कर्ज दुणावत गेले.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना आपल्या कापसाला अपूर्व भाव आला. सावकारांनी मोकळ्या हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. त्यातच साऱ्याच्या फेरआकारणीत वाढ झाली. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव गुजर सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी असेच प्रकार घडले. या दंगलींचे वैशिष्ट्य असे की लोकांना सोने-नाणे नको होते, त्यांना खते हवी होती. ज्याने खते मुकाट्याने दिली त्याच्या केसालाही बहुतेक ठिकाणी धक्का लागला नाही. खतांची आणि चोपड्यांची मात्र होळी झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे आपला जिल्हाही त्यात होता.

त्यानंतर हा शब्द पुन्हा कधी उजळला नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. १९२५ साली बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्यात जमीन गमावलेल्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. 'सावकारी' म्हटले की 'पाश' हाच शब्द जिभेवर यावा, इथवर मजल गेली. १९४६च्या कायद्याने सावकारांना परवाना घेणे भाग पडले आणि त्या जागी २०१४ साली महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आला. ज्या शब्दाच्या बळावर एके काळी परमुलखात हुंडी वटत होती, त्या शब्दावर नजर ठेवण्यासाठी आता कायदा लागतो.

सुप्याच्या आणि नगरच्या सावकारांत गुजर होते, मारवाडी होते आणि त्यांत आपले धर्मबांधवही होते. हे लिहिताना लेखणी अडखळते. दोष इंग्रजी राजवटीचा होता, साऱ्याचा होता, न्यायालयांचा होता, हे सर्व खरे आहे आणि इतिहासकारांनी ते मांडले आहे. परंतु खतावर अंगठा उमटवून घेताना समोरचा हात आपला होता, हेही तितकेच खरे. आपल्या तत्त्वार्थसूत्राने सत्याणुव्रताचे अतिचार सांगताना 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटे दस्तऐवज करणे, आणि 'न्यासापहार', म्हणजे दुसऱ्याची ठेव गिळणे, यांची नावे घेऊन निषेध केला आहे. अचौर्याच्या अतिचारांत खोटी मापे आणि भेसळ यांचा उल्लेख आहे. आचार्यांना व्यापाऱ्याचे मन पुरते ठाऊक होते. ज्याने ही बंधने पाळली तो साहू राहिला. ज्याने ती मोडली त्याने एकट्याचे नव्हे, अवघ्या शब्दाचे नाव घालविले.

खोडलेला शब्द

आता त्या खोडलेल्या शब्दाकडे परत येतो.

१९८२ साली पदवी घेऊन मी दुकानात बसू लागलो. लग्नसराईचे दिवस होते. अक्कलकोटकडील एक वृद्ध कानडी शेतकरी मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी आले. धोतरजोड्या, इरकली लुगडी, खण असा बराच माल निघाला. भाव ठरविताना ते मला उद्देशून म्हणाले, "साहुकार, नीट लावा." मी चटकन उत्तरलो, "आम्ही सावकार नाही. कापडवाले आहोत." ते गोंधळले. वडिलांनी हातातील लुगड्याची घडी नीट घातली, त्यांना कानडीत काही सांगितले आणि बस्ता बांधून दिला. ते गेल्यावर मला एवढेच म्हणाले, "त्यांनी तुला मान दिला. तू तो परत केलास."

मी म्हणालो, "मग तुम्ही परवाना का सोडलात?" कारण १९७२च्या दुष्काळानंतर वडिलांनी सावकारीचा परवाना नूतनीकरणासाठी पाठविलाच नव्हता, एवढे मला माहीत होते. ते काही बोलले नाहीत.

त्यांच्या पश्चात माळ्यावरची पेटी उघडली तेव्हा आजोबांच्या काळच्या खतावण्या निघाल्या. एका पानावर एका शेतकऱ्याचे खाते होते. मुद्दल दीडशे रुपये. तीन तीन वर्षांनी नवे खत, मग आणखी नवे खत आणि शेवटी साडेसहा एकर जमीन 'जमा'. पुढे ती जमीन आजोबांनी दुसऱ्यालाच कुळाने लावली आणि १९५७ साली कूळकायद्याने ती त्या कुळाच्या मालकीची झाली. मूळ मालकाच्या घराण्याकडे ती परत गेली नाही. आमच्याकडेही राहिली नाही. त्या पानाच्या समासात वडिलांच्या अक्षरात १९७२ हे साल आणि दोन शब्द लिहिले आहेत : 'उत्तम क्षमा'. ही क्षमा त्यांनी कोणाजवळ मागितली होती की नुसतीच लिहून ठेवली होती, मला ठाऊक नाही.

अर्जातील शब्द त्यांनी लाजेने खोडला असे मला आधी वाटत होते. आता वाटते की त्यांनी तो हिशेबाने खोडला. ज्या शब्दात 'साधू' आहे तो आपल्या नावापुढे लिहिण्याइतकी आपली खतावणी कोरी नाही, असे त्यांना वाटले असावे.

त्या शेतकऱ्याचा पणतू आज आमच्या दुकानातून कापड नेतो. तो मला 'शेठ' म्हणतो. 'शेठ' हाही 'श्रेष्ठी'चाच अपभ्रंश आहे, म्हणजे तोही मोठाच शब्द. गेल्या पर्वात, क्षमावाणीच्या दिवशी, मी त्याला दुकानात बसवून ते पान दाखविले. त्याने ते बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, शेठ. तुम्हालाच उशिरा कळले." चहा मात्र त्याने घेतला.

समारोप

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत मंदिराचा जीर्णोद्धार केला, पाठशाळा चालविली, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. हे सर्व अभिमानास्पद आहे. परंतु वेदीवरच्या त्या लहान प्रतिमेवर जो शब्द पाचशे वर्षांपूर्वी कोरला गेला, त्याचा जीर्णोद्धार दगडात करता येत नाही. तो वजनकाट्यावर, बिलावर, उधारीच्या वहीवर आणि दिलेल्या शब्दावर करावा लागतो. निरनिराळ्या भाषांनी एकाच शब्दाला निरनिराळे अर्थ दिले, कारण त्या त्या मुलखात त्या शब्दाचे धनी निरनिराळे वागले. अर्थ कोशात नंतर लिहिला जातो, आधी तो बाजारात ठरतो.

तरुण पिढीला एवढेच सुचवावेसे वाटते की पुढच्या वेळी प्रक्षाळ करताना पादपीठावरील ती दोन अक्षरे अवश्य वाचावीत.

लेखात काही उणे-अधिक झाले असल्यास उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.